स्वयंचलित प्रेषण : वाहनांतील गतिबदलाचे दोष व त्यांच्या निदानाचा इतिहास

वाहनाच्या एंजिनात निर्माण होणारी शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेस प्रेषण असे म्हणतात. एंजिन ठराविक मर्यादेतील वेगानेच जोरकसपणे चालू शकते. याउलट गाडीला उभ्या स्थितीतून निघताना, घाट चढताना आणि सपाटीवर धावताना जोर व वेग निरनिराळ्या प्रमाणांत लागतात. हे प्रमाण बदलण्यासाठी दंतचक्रांच्या जोड्या वापरतात आणि एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जाण्याच्या क्रियेस व्यवहारात गिअर बदलणे असे म्हणतात. ही निवड चालकाने न करता यंत्रणेनेच करावी अशी योजना ज्यात असते, त्यास स्वयंचलित प्रेषण म्हणतात.

हाताने बदलावयाच्या प्रेषणात गती केव्हा बदलावी याचा निर्णय चालक घेतो व यंत्रणा तो केवळ अंमलात आणते. स्वयंचलित प्रेषणात निर्णय व अंमल ही दोन्ही कामे एकाच बंद पेटीत होतात. त्यामुळे गाडी उशिरा गती बदलू लागली, बदलताना हिसका देऊ लागली किंवा एंजिनाचा आवाज वाढूनही वेग घेईनाशी झाली, म्हणजे तीन प्रश्न उपस्थित होतात : पेटीला मिळणारी माहिती चुकीची आहे काय, त्या माहितीवरून घेतला जाणारा निर्णय चुकतो काय, की निर्णय बरोबर असूनही तो अंमलात आणणारा भाग झिजला आहे? या दोषांच्या निदानाचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे पेटी न उघडता मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

प्रारंभ : स्वयंचलित प्रेषणाची दोन प्रमुख अंगे वेगवेगळ्या क्षेत्रांतून आली. त्यांपैकी ग्रहमालीय दंतचक्रांची रचना फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ मोटारगाडीत होती. या रचनेत मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे व त्यांना वेढणारे कडे असते. यांतील कोणता घटक थोपवून धरला आहे, त्यानुसार वेगाचे प्रमाण बदलते. दाते एकमेकांतून सोडवून पुन्हा जुळविण्याची गरज पडत नाही. ‘मॉडेल टी’ मध्ये मात्र ही निवड चालक पायाने करीत असे. दुसरे अंग म्हणजे द्रवाच्या माध्यमातून शक्ती देणारा युग्मक. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी जहाजाच्या टरबाइनाची शक्ती मळसूत्री पंख्याला देण्यासाठी तो योजिला आणि १९०५ मध्ये त्याचे एकस्व घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवून त्यांपैकी एकाने फेकलेल्या तेलाने दुसरा फिरवावा, हे त्याचे तत्त्व आहे. त्यात तेलाचा प्रवाह वळवून देणारा तिसरा, स्थिर पंखा बसविला म्हणजे फिरविण्याचा जोर, अर्थात परिबल, अनेक पटींनी वाढविता येते. अशा साधनास परिबल परिवर्तक म्हणतात.

ही दोन्ही अंगे एकत्र आणून व्यापारी प्रमाणावर विकले गेलेले पहिले पूर्ण स्वयंचलित प्रेषण म्हणजे जनरल मोटर्स कंपनीचे ‘हायड्रामॅटिक’ होय. ते १९३९ मध्ये जाहीर होऊन १९४० च्या ओल्ड्‌समोबिल गाड्यांतून ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्यात चार पुढच्या गती होत्या. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या ‘एम ५’ या हलक्या रणगाड्यांतही बसविण्यात आले. युद्धानंतर १९४८ च्या ब्यूकमधील ‘डायनाफ्लो’ व १९५० च्या शेव्हर्लेमधील ‘पॉवरग्लाइड’ यांनी परिबल परिवर्तकाचा प्रसार केला. नेदरलँड्‌समध्ये हुब व्हान डोर्ने यांनी १९५८ मध्ये ‘डाफ’ या छोट्या गाडीत सर्वस्वी वेगळा मार्ग स्वीकारला. त्यांच्या ‘व्हेरिओमॅटिक’ प्रेषणात दंतचक्रांच्या पायऱ्या नव्हत्या. व्यास कमीजास्त होणाऱ्या कप्प्यांवरून पट्टा फिरत असे व वेगाचे प्रमाण अखंडपणे बदलत असे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हाच मार्ग पुढे अधिक महत्त्वाचा ठरला.

निर्णयाची यंत्रणा : तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या पेटीत निर्णय घेण्याचे काम एक लहानशी सरकती झडप करते. तिच्या एका बाजूवर गाडीच्या वेगानुसार वाढणारा तेलाचा दाब असतो. तो नियंता म्हणजे गव्हर्नर या फिरत्या वजनांच्या साधनाकडून येतो. दुसऱ्या बाजूवर स्प्रिंग आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार वाढणारा दाब असतो. वेगाचा दाब वरचढ झाला की झडप सरकते आणि वरची गती लागते. म्हणूनच ॲक्सिलरेटर हलका दाबला असता गती लवकर बदलते व जोराने दाबला असता उशिरा बदलते. झडपेने सोडलेले तेल घर्षण तबकड्यांच्या क्लचवर किंवा पिंपाभोवती आवळणाऱ्या पट्ट्यावर दाब देते आणि ग्रहमालेतील योग्य तो घटक थोपविला जातो. येथे माहिती, निर्णय व अंमल ही तिन्ही तेलाच्या दाबाच्या रूपात असतात. त्यामुळे तेल बिघडले की तिन्ही बिघडतात.

परंपरागत निदानपद्धती : या रचनेतूनच निदानाचा ठराविक क्रम तयार झाला. पहिली पायरी तेलाची. तेलाची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीतच पाहावी लागते. बहुतेक गाड्यांत एंजिन चालू व पेटी गरम असताना ती पाहतात. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि गती लागण्यास विलंब होतो. तेल जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळतात व पुन्हा फेसच होतो. म्हणजे परस्परविरुद्ध कारणांचे लक्षण एकच असते. तेलाचा काळपटपणा व जळका वास घर्षण तबकड्या घसरून तापल्याचे दर्शवितो; धातूची चमक दिसली तर झीज दंतचक्रांपर्यंत किंवा धारव्यांपर्यंत पोहोचलेली असते.

दुसरी पायरी बाहेरील जोडण्यांची. निवडदांड्याची जोडणी सैल झाली तर दांडा एक स्थिती दाखवितो व पेटीतील झडप दुसऱ्याच स्थितीत असते. ॲक्सिलरेटरपासून पेटीकडे जाणारी तार लांबली किंवा एंजिनातील निर्वात पोहोचविणारी रबरी नळी फाटली, तर एंजिनावर किती भार आहे याची चुकीची माहिती पेटीला मिळते. नळी फाटल्यास पेटी भार सतत जास्त असल्याचे समजते व प्रत्येक गती उशिरा आणि हिसक्याने बदलते. निर्वाताच्या साधनातील पडदा फाटला तर एंजिन पेटीतील तेल शोषून जाळू लागते. गाडीखाली थेंबही न दिसता तेल कमी होणे आणि मागील नळीतून पांढरा धूर येणे, ही त्याची खूण होय. हा पडदा बाहेरून बदलता येत असताना पेटीच खोलली जाणे, ही अशा गाड्यांबाबत घडू शकणारी मोठी चूक होती.

तिसरी पायरी रस्त्यावरील परीक्षणाची. यात कोणत्या वेगाला गती बदलते, बदलताना एंजिनाचा वेग मध्येच उसळतो काय आणि दोष थंड असताना दिसतो की गरम झाल्यावर, याची नोंद करतात. थंड गाडीत गती लागण्यास विलंब होत असेल तर कडक झालेल्या रबरी कड्यांचा संशय येतो. गरम झाल्यावर घसरण सुरू होत असेल तर पातळ झालेले तेल झिजलेल्या जागांतून निसटत आहे असे अनुमान करतात. प्रत्येक गतीत कोणते क्लच व कोणते पट्टे कार्यरत असतात याचा तक्ता उत्पादक देत असे. घसरण ज्या गतींत होते त्या सर्वांत समाईक असलेला आणि जी गती निर्दोष आहे तीत नसलेला भाग शोधला, की दोषी भाग कागदावरच हाती येतो. सर्वच गती सारख्या घसरत असतील, तर कोणा एका क्लचाऐवजी पंप, गाळणी किंवा मुख्य दाबाकडे लक्ष द्यावे लागते.

चौथी पायरी मापनाची. दाबमापक जोडून तेलाचा दाब पाहतात. काही प्रकारांत ब्रेक पूर्ण दाबून धरून, काही सेकंदच, एंजिन पूर्ण जोराने चालवितात व त्याचा वेग कोठे स्थिरावतो ते पाहतात. तो उत्पादकाने दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर पेटीत घसरण आहे. कमी असेल तर एंजिनच दुबळे आहे किंवा परिबल परिवर्तकातील स्थिर पंख्याला धरून ठेवणारा एकदिशी क्लच निकामी झाला आहे. ही चाचणी लांबविल्यास तेल अतिशय तापते व निदानासाठी केलेल्या कृतीनेच पेटीची हानी होते. या चारही पायऱ्या झाल्यानंतरच पेटी उघडावी, असा दंडक होता.

तेलाचा प्रश्न : स्वयंचलित पेटीतील तेल हे वंगण तर असतेच, शिवाय ते दाबाचे व शीतनाचे माध्यम असते आणि क्लचचे घर्षण किती असावे हेही तेच ठरविते. गती सफाईने बदलावी म्हणून अमेरिकेत या तेलात दीर्घकाळ स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत असत. १९७० मध्ये हा देवमासा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या सूचीत आल्यावर त्या तेलाचा वापर बंद होऊन कृत्रिम पर्याय शोधावे लागले आणि सुरुवातीच्या पर्यायांनी काही पेट्यांच्या शीतकांना गंज चढू लागला. जुन्या वाहनाच्या बाबतीत या इतिहासातून एक नियम निघतो : पेटी ज्या प्रतीच्या तेलासाठी घडविली गेली, ती प्रत किंवा तिला अधिकृतपणे पर्यायी ठरविलेली प्रतच वापरावी. चुकीच्या प्रतीचे तेल घातल्यास कोणताही भाग झिजलेला नसताना हिसके, थरथर किंवा घसरण उद्भवते.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारगाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्यांची जुळणी होऊ लागली. १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनुसार, देशात सुटे भाग बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना वाव उरला नाही व जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील काम थांबविले. अमेरिकेत स्वयंचलित प्रेषणाचा झपाट्याने प्रसार होत होता, नेमका तोच हा काळ होता. यानंतर सुमारे चार दशके येथील रस्त्यांवर प्रामुख्याने ज्या गाड्या राहिल्या, त्या फियाट व तिचे पुढील रूप ‘प्रीमियर पद्मिनी’, तसेच ॲम्बॅसडर, हाताने गती बदलण्याच्या होत्या. त्यामुळे येथील कारागिरांना क्लच, दंतचक्रे व कार्ब्युरेटर यांचे उत्तम ज्ञान झाले. तेलाच्या दाबावर चालणारी पेटी मात्र त्यांच्या हाताखालून क्वचितच गेली.

सामान्य माणसाच्या वापरातील स्वयंचलित प्रेषण महाराष्ट्रात मोटारगाडीतून न येता दुचाकीतून आले. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये ‘लूना’ ही गिअर नसलेली छोटी दुचाकी बाजारात आणली. तिच्यात गती एकच होती. परंतु एंजिनाचा वेग वाढताच आपोआप जोडला जाणारा अपकेंद्री क्लच होता. पुढे याच उद्योगसमूहाने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ ही ९८ घ. सेंमी. एंजिनाची स्कूटर आणली. तिची निर्मिती मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होत असे. कळ दाबून सुरू होणाऱ्या या स्कूटरमध्ये पट्टा व कप्प्या यांचे अखंड गतिबदल करणारे प्रेषण होते. क्लचचा दांडा व गिअरची मूठ या दोहोंची गरज उरली नसल्याने, यापूर्वी स्कूटर न चालविलेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, ती सोयीची झाली. होंडाने १९९८ मध्ये हे सहकार्य संपविले आणि २००१ मध्ये स्वतंत्रपणे ‘ॲक्टिव्हा’ आणली. तिच्यातही याच जातीचे प्रेषण आहे.

पट्ट्याच्या प्रेषणातील निदान : या प्रेषणात निर्णय घेणारा भाग डोळ्यांना दिसतो व हातात धरता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. एंजिनाच्या दंडावरील कप्पीत लहान लाटण्यांसारखी वजने असतात. वेग वाढला की ती अपकेंद्री प्रेरणेने बाहेर सरकतात, कप्पीच्या बाजू जवळ आणतात व पट्टा मोठ्या व्यासावर चढतो. मागील कप्पीतील स्प्रिंग याला विरोध करते. म्हणजे तेलाच्या पेटीत झडपेच्या दोन बाजूंवर जे द्वंद्व चालते, तेच येथे वजने व स्प्रिंग यांच्यात चालते.

यावरून लक्षणांचा अर्थ लावता येतो. वजने एका बाजूने सपाट झाली तर ती अडखळत सरकतात व वेग घेताना गाडी रेंगाळते किंवा झटके देते. वजने मूळच्यापेक्षा हलकी बसविली तर एंजिन आरडत राहते व गती उशिरा बदलते. स्प्रिंग मऊ पडली तर गती फार लवकर बदलते व चढावर दम लागतो. पट्टा झिजून अरुंद झाला म्हणजे तो कप्पीत खोल बसतो, पूर्ण व्यासावर चढू शकत नाही आणि सपाटीवरील कमाल वेग घटतो. निघताना थरथर असेल तर क्लचच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्याचा संशय घ्यावा. पावसाळ्यात आच्छादनात पाणी शिरल्याने किंवा तेलबंद कडे गळल्याने पट्टा घसरू शकतो. अशा वेळी नुसता नवा पट्टा घालून उपयोग होत नाही, कारण गळती तशीच राहते. सायलेन्सर काजळीने चोंदल्यानेही दोन आघाती एंजिनाची शक्ती घटते व दोष प्रेषणाचा वाटतो. ‘आधी एंजिन, मग प्रेषण’ हा क्रम म्हणून येथेही पाळावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण : १९८० नंतरच्या काळात मोटारगाड्यांच्या पेट्यांत निर्णयाचे काम झडपेकडून संगणकाकडे गेले. संवेदक वेग व भार यांची माहिती विद्युत् संकेतांनी देतात आणि विद्युत् चुंबकीय झडपा तेलाचा मार्ग उघडतात. अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना सर्वत्र सारखा असा निदानजोड सक्तीचा झाला. भारतात २०१० नंतर टप्प्याटप्प्याने अशी तरतूद आली. जोडास उपकरण लावताच दोषाचा सांकेतिक क्रमांक दिसू लागला. गंभीर दोष आढळल्यास संगणक पेटी एकाच गतीत अडकवून ठेवतो, म्हणजे गाडी हळूहळू का होईना कर्मशाळेपर्यंत पोहोचते. भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या ‘सेलेरिओ’पासून साध्या दंतचक्रपेटीलाच यांत्रिक हात जोडणारा स्वस्त प्रकार रूढ झाला. त्यात क्लच झिजल्यावर किंवा बदलल्यावर त्याच्या पकडीचा बिंदू संगणकाला नव्याने शिकवावा लागतो. तो न शिकविल्यास निर्दोष भागही सदोष भासतात.

सांकेतिक क्रमांकामुळे निदान सोपे झाले, तसेच फसवेही झाले. क्रमांक कोणत्या मंडलात किंवा कोणत्या मोजमापात विसंगती आहे ते सांगतो; कोणता भाग बदलावा ते सांगत नाही. गतीचे प्रमाण चुकल्याचा क्रमांक झिजलेल्या क्लचमुळे येतो, तसाच कमी झालेल्या तेलामुळे किंवा संवेदकाच्या गंजलेल्या जोडणीमुळेही येतो. किनारपट्टीच्या दमट व खाऱ्या हवेत ही शेवटची शक्यता प्रथम तपासणे इष्ट असते.

जुन्या वाहनांचा प्रश्न : खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व त्यानंतर योग्यता तपासून तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. या वयाच्या गाडीत स्वयंचलित पेटी बदलण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे ‘पेटी गेली’ हा निष्कर्ष म्हणजे बहुधा गाडीचाच शेवट ठरतो. तो निष्कर्ष फाटलेली नळी, लांबलेली तार, कमी तेल किंवा गंजलेली जोडणी न पाहता काढला गेला असेल, तर कितीतरी वर्षे चालू शकणारे वाहन भंगारात जाते आणि मालकाची मोठी हानी होते.

दुरुस्तीची साधने मात्र दुर्मिळ नाहीत. पालघर जिल्ह्यातील वसईच्या पूर्व भागात वालीव, गोखिवरे, सातिवली या मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतच्या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे आहेत. अशा औद्योगिक वसाहतींतील लेथ व दळणयंत्रांवर झिजलेला बुश, दंड किंवा दट्ट्या नमुन्यावरून नव्याने घडविता येतो, आणि मूळ सुटे भाग मिळेनासे झालेल्या जुन्या वाहनाला हाच आधार असतो. परंतु कारागिराच्या हाती नमुना देण्यापूर्वी नेमका कोणता भाग झिजला आहे हे ठरलेले असावे लागते. चुकीचा भाग कितीही अचूक घडविला, तरी गाडी पूर्वीसारखीच उशिरा गती बदलत राहते.

फिरती वजने, तेलाचा दाब आणि संगणक अशी निर्णयाची साधने बदलत गेली, तरी निदानाचा क्रम फारसा बदललेला नाही. आधी तेल, मग बाहेरील जोडण्या, त्यानंतर रस्त्यावरील परीक्षण व मापन आणि सर्वांत शेवटी पेटी उघडणे, हाच क्रम आजही विश्वसनीय मानला जातो.